सातवीच्या वर्गातला मुक्काम

"तिथंच ठेव, आणि जरा मागं हो," बाबा सातवीच्या खिडकीतून म्हणाले.

मी डबा गडग्यावर ठेवला आणि मागं सरकले. आमच्या शाळेला कुंपण म्हणून जांभ्या दगडांचा तेवढा एक गडगा आहे. बाबा तोंडाला पंचा बांधून बाहेर आले, डबा उचलला आणि आत जाऊन पुन्हा खिडकीशी बसले. ज्या बाकावर ते बसले तो माझा होता. म्हणजे होणार होता. मी नुकतीच सहावी पास झाले होते, परीक्षा न देताच, आणि सातवीत गेल्यावर खिडकीजवळचे दोन बाक पकडायचे असं मी आणि अपूर्वानं केव्हाचं ठरवून ठेवलं होतं.

"काय गो, अशी काय बघतेस?"

"काय नाय. तो बाक माझा हाय."

"असं? मग भाडं लावतेस काय?"

बाबा हसले. तोवर ते माझ्याशी एवढंही कधी बोलले नव्हते. ते मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आणि आले की साऱ्या वाडीचे असायचे. भजनाला ते हवेत, पालखी नाचवायला ते हवेत, कोणाच्या घरावरची कौलं चाळायची तरी त्यांनाच हाक. माझ्या वाट्याला फरसाणाची पुडी आणि "अभ्यास करतेस ना?" एवढा प्रश्न यायचा. मी "हो" म्हणेपर्यंत ते अंगणाबाहेर गेलेले असायचे.

त्या वर्षी मे महिन्यात ते आले ते थेट शाळेत. मुंबईहून येणाऱ्याला आधी चौदा दिवस शाळेत ठेवायचं आणि मगच घरी सोडायचं, असं गावानं ठरवलं होतं. आमच्या घरात आजोबा दम्याचे, त्यांचं सगळं आई करायची, म्हणून तिनं शाळेकडे फिरकायचं नाही, डबा मी न्यायचा आणि लांब उभं राहायचं, हेही गावानंच ठरवलं. त्या पंधरवड्यात दुसरं कोणी आलं नव्हतं. चौथीत शाळेला रामराम ठोकून पळालेले माझे बाबा एकटेच माझ्या वर्गात चटई टाकून झोपत होते, आणि मी, जिला शाळेत जायचं होतं, ती बाहेर उन्हात उभी होते.

साथीमुळे शाळा बंद झाल्यावर पहिले काही दिवस मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मग दिवस सरेना. अपूर्वा पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीतली. पलीकडच्यांनी साकवावर, पऱ्ह्यावरच्या छोट्या पुलावर, झाडाच्या फांद्या तोडून टाकल्या, इकडच्यांनी त्यावर आडवा बांबू बांधला, म्हणजे दोन्हीकडून शहाणपणाची कमाल झाली. शिर्के बाई व्हॉट्सॅपवर अभ्यास पाठवतात असं कानावर आलं. आमच्या घरात बटणांचा फोन, त्यात अभ्यास येणार कुठून? मी सहावीचं पुस्तक घेऊन गोठ्यात बसायचे आणि गाईला कविता म्हणून दाखवायचे. गाय गुणाची होती, मान हलवायची, पण ती अपूर्वा नव्हती. संध्याकाळी घरामागच्या परड्यात उभी राहून मी अपूर्वाला हाक मारायचे. कधी पलीकडून ओ यायची, कधी ती दुसऱ्याच कोणाची तरी असायची, आणि बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. एकटं वाटणं म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. ते सांगायचं म्हटलं तर ऐकायला तरी कोण होतं.

म्हणून डब्याची वेळ झाली की मी पळत सुटायचे. बाबांचं जेवण होईपर्यंत मी गडग्याबाहेर फणसाखाली बसायचे आणि ते आतून बोलायचे. त्यांनाही दुसरं कोणी नव्हतं. पालखी नव्हती, भजन नव्हतं, हाक मारायला वाडी नव्हती. सातवीच्या भिंतींवर सूर्यमाला, ऋतू, राज्यं, राजधान्या असं बरंच काही रंगवलेलं होतं. बाबा ते दिवसभर वाचत बसायचे.

"रसिका, त्या गुरूला एवढे चंद्र कशाला गो? आपण एकावर भागवतो."

"तुमी सगळी भिंत वाचलीत?"

"मग काय करू? राजधान्या इचार."

"नागालँड?"

"कोहिमा."

"अरुणाचल?"

"इटानगर. अवघड इचार जरा."

"मग चौथीत का पळालात?"

"तवा भिंती कोऱ्या व्हत्या," बाबा म्हणाले. आम्ही दोघंही इतके हसलो की फणसावरचा कावळा उडाला.

एकच गोष्ट मला खटकायची. बाबा सारखी आंघोळ करायचे. शाळेमागं हातपंप आहे. सकाळी जा, त्यांचे केस ओले. संध्याकाळी जा, तरी ओले. एकदा तर ताट तसंच झाकून ठेवून ते मध्येच उठले, पंपावर गेले आणि डोक्यावर पाणी ओतून आले. "उकडतंय," म्हणाले. मी घरी आईला सांगितलं, तर ती लाजल्यासारखी हसली आणि म्हणाली, "मुंबयचा घाम हाय तो, एका दिवसात जातोय व्हय?"

एक दिवस डब्याचं झाकण लावता लावता बाबा म्हणाले, "आता मुंबय नको गो. इथंच ऱ्हातो. डोंगरावरच्या वरकस जमिनीत काजू लावू, दोन शेळ्या घेऊ."

"खरं?"

"खरं. आठवीला तू हायस्कूलात जाशील ना, सायकलवरनं मी सोडीन तुला."

मी रिकामा डबा वाजवत घरी गेले. आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम टाकलं नाही, पण त्या दिवशी ती गाईशी सुद्धा गोड बोलत होती. मला शाळा उघडायची घाईच राहिली नाही. शाळा बंद का असेना, बाबा घरात असणार होते. त्यापुढे अपूर्वासुद्धा मला थोडी लहान वाटायला लागली.

मग फोन सुरू झाले. सातवीच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात तेवढी रेंज यायची, आणि बाबा तिथं भिंतीला डोकं टेकून बोलत असलेले मला लांबूनच दिसायचे. "हो सिस्टर. नाय सिस्टर. बघतो सिस्टर." कॅन्टीनमध्ये सिस्टर कशाला येईल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी आपली समजले, शेठची बहीण असेल. फोन झाला की बाबा पंपावर जायचे. राजधान्या विचारल्या तर चुकायला लागले.

शेवटच्या दिवशी आईनं पहाटेच हंड्यात पाणी तापत ठेवलं. वड्यांचं पीठ भिजवलं होतं, सागोतीसाठी कोंबडं सांगून ठेवलं होतं. लग्नात नेसायची हिरवी साडी तिनं साध्या दिवशी नेसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "जा, घेऊन ये त्यांना," ती म्हणाली, "आणि वाटेत कोणाच्या अंगणात बसू देऊ नको. नायतर तिकडंच जेवून येतील."

मी शाळेत पोहोचले तेव्हा वर्ग झाडून काढलेला होता आणि बाक ओळीत लावलेले होते. बाबा बॅग घेऊन गडग्याशी उभे होते. नुकतीच आंघोळ झालेली दिसत होती.

"चला, आयेनं पाणी तापवलंय."

"बस जरा," ते म्हणाले.

मी गडग्यावर बसले. ते समोर उभेच राहिले, रोजच्याएवढंच अंतर ठेवून.

"चौदा दिवस भरले बाबा. आता जवळ आलात तरी चालतं."

"माझं कॅन्टीन कुठं हाय, तुला म्हायती हाय?"

"मुंबयत."

"हॉस्पिटलात हाय. मार्चात कॅन्टीन बंद पडलं. मग आमाला वॉर्डात घातलं. माणसं मरत व्हती, ती उचलायला."

मला वाटलं, ते गंमत करतायत आणि आता हसतील.

"आपल्यात खांदा देऊन आलं की काय करतात, सांग."

"आंघोळ."

"आंघोळ केल्याबिगर घरात पाय ठेवत नाय. मी किती केल्या ते तू बघितलंस ना? पण जात नाय ते अंगावरनं. किती जणांना उचललं त्याचा हिशेबच नाय." बाबांनी केसांवरून हात फिरवला. "तिथं मरणाऱ्याजवळ घरचं कोणी नसतं गो. येऊच देत नाय. ल्योक असू दे, बायको असू दे. मी नि कॅन्टीनातला रफिक, दोघंच. मी डोक्याकडनं, तो पायाकडनं. उचलताना दर वेळी तो हळू हळू म्हणतो. त्यांना लागेल म्हणून."

"मग?"

"मग मी पळून आलो. त्याला न सांगता. मला भ्या वाटलं." ते शाळेच्या भिंतीकडे बघत होते. "आता तो एकटा हाय. दुसरा माणूस मिळत नाय. सिस्टर रोज फोन करते ती त्याच्यापायी. एकट्यानं माणूस उचलत नाय, बाय. एकट्यानं ओढायला लागतं."

मला रडू यायला लागलं आणि त्याचा राग आला.

"आणि आमी? आमी एकटं नाय व्हय? आये एकटी नाय? मी दिवसभर कोणाशी बोलते, म्हायती हाय तुमाला? गाईशी!"

"तुझ्या बाकावर बसून कळलं मला ते," बाबा म्हणाले. मग हातातली बॅग खाली ठेवली. "तू जाऊ नको म्हटलंस तर नाय जायचा."

जाऊ नका, हे माझ्या जिभेवर आलेलंच होतं. दोनच शब्द, आणि बाबा घरी आले असते, वडे खाल्ले असते, काजू लावले असते. पण ते ओढणं माझ्या डोळ्यांपुढून जाईना. ज्यांना ओढायचं ती माणसं मी पाहिलेली नव्हती, आणि रफिकलाही नाही. तरी ते दिसायला लागलं.

"आयेला काय सांगू?" मी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. बहुतेक मी जाऊ नका म्हणावं असंच त्यांना वाटत होतं.

"कॅन्टीन चालू झालं म्हण. घरात आलो तर ती सोडायची नाय, नि मलाही मग जाववायचं नाय. आणि गावात अवाक्षर काढू नको. मढी उचलणारा शाळेत येऊन झोपला असं कळलं तर पाणवठ्यावर उभी नाय करणार तुमाला कोणी."

सड्यावरून, गावावरच्या कातळाच्या माळावरून, आंब्याच्या पेट्यांची गाडी मुंबईला निघाली होती, तिच्यात त्यांनी आधीच जागा सांगून ठेवली होती. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो गार आणि ओला होता. लगेच काढूनही घेतला.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. लांबून आलेल्या माणसावरून तो ओवाळून टाकायचा आणि मग त्याला घरात घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. ती माझ्या मागं बघत राहिली.

"कॅन्टीन चालू झालं," मी म्हटलं. "गाडी व्हती, गेले."

"घरात न येता?"

"घाई व्हती."

हातातला भाकरतुकडा तिनं माझ्यावरूनच ओवाळला, अंगणाबाहेर टाकला आणि आत जाऊन हंड्याखालचा जाळ विझवला.

बाबा त्यातून सुखरूप राहिले हे आताच सांगून टाकते, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. पण ते त्या गणपतीला आले नाहीत. मग गावाला विषय मिळाला. बायको-पोरीला न भेटता शाळेतूनच परत गेलेला माणूस, गणपतीलाही न येणारा माणूस, म्हणजे मुंबईत त्यानं दुसरं बिऱ्हाड केलेलं असणार, यात कोणाला शंकाच राहिली नाही. विहिरीवर आई आली की बायका गप्प व्हायच्या. बाबांचा फोन आला की आई तो कानालाही न लावता माझ्या हातात द्यायची आणि लांब जाऊन बसायची. "आयेला दे," बाबा म्हणायचे. "ती कामात हाय," मी म्हणायचे. आईला खरं सांगावं असं मला रोज वाटायचं. पण खरं सांगितलं असतं तर तिची झोप उडाली असती, आणि न सांगताही ती झोपत नव्हतीच. कुठलं बरं, ते मला कळत नव्हतं. हे कोणाला विचारायची सोय नव्हती. शाळा असती तर मी निदान अपूर्वाला विचारलं असतं.

जानेवारीच्या अखेरीस शाळा उघडली.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. तोंडाला मास्क, गणवेश आखूड झालेला. शिर्के बाईंनी एका बाकावर एकानंच बसायचं असं फर्मान काढलं. मी खिडकीजवळचा बाक धरला आणि शेजारच्या बाकावर अपूर्वा. ती उंच झाली होती. बाईंची पाठ वळली की आम्ही मास्कच्या वरून डोळ्यांनीच हसत होतो. मला फार आनंद झाला होता.

"आज शिकवायचं नाही," बाई म्हणाल्या. "एकेकानं उभं राहून सांगा, एवढे दिवस घरी काय केलंत, घरात काय झालं."

कोणी मासे पकडले होते, कोणाची म्हैस व्याली होती, कोणाची आजी गेली होती. माझी पाळी आली. मी उभी राहिले. काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात मागून सुयोग म्हणाला, "बाई, तिच्या बापसानं मुंबयत दुसरी बायको केलीय."

वर्ग हसला. बाई "ए, गप्प" म्हणाल्या, पण मास्कवरच्या डोळ्यांत त्यांनाही ते ठाऊक असल्याचं दिसत होतं. अपूर्वा हसली नाही, तिनं खाली बघितलं. ती खाली बघतेय म्हणजे तिच्याही घरी हेच बोलत असणार. माझ्या डोळ्यांपुढे विहिरीवरची आई आली.

"माझा बापूस हॉस्पिटलात मढी उचलतो," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. "ज्यांच्याजवळ कोणी नसतं, त्यांची. मे महिन्यात ते इथं राह्यले तवा पण तेच काम सोडून आलेले. आणि परत त्याच कामाला गेले. दुसरी बायको नाय केली."

कोणी हसलं नाही. मग पुढच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं, "इथं म्हणजे? या वर्गात?"

"हां. या बाकावर जेवायचे. तिथं, फळ्याखाली झोपायचे."

फळ्याखाली बसलेला मुलगा उठून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मढ्याला हात लावलेला माणूस त्या फरशीवर झोपला होता, एवढं कळल्यावर कोणाला काय समजावणार? दप्तरं उचलली गेली. दारात गर्दी झाली. "अरे, अंधश्रद्धा आहे ही, बसा खाली," असं बाई ओरडत होत्या, पण ओरडता ओरडता त्याही व्हरांड्यात गेल्या होत्या. अपूर्वा सगळ्यात शेवटी उठली. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मास्कमुळे मला कळलं नाही. मग तीही गेली.

"रसिका, तू पण ये बाहेर," बाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "इथंच व्हरांड्यात बसू आपण."

"नको बाई. मी इथंच बसते."

त्या दिवशी वर्ग व्हरांड्यात भरला आणि मी आत. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. एवढे दिवस मी ज्या आवाजांची वाट बघितली, ते सगळे भिंतीपलीकडे होते. तरी मी उठले नाही. उठले असते तर बाबांनीच काही वाईट केलं असं झालं असतं.

मी घरी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती. आई पायरीवर बसली होती. तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आता मार बसणार.

"तुला मे महिन्यापासनं ठाव व्हतं?"

"हां."

"नि मला बोलली नायस."

"बाबांनी नको म्हटलं व्हतं."

तिनं मान वळवून अंगणाकडे बघितलं. तिचा चेहरा मला ओळखू येईना. गेले कित्येक महिने तो मी असा सैल झालेला पाहिलाच नव्हता.

"जेवतो काय तिथं नीट?" तिनं विचारलं. आणि मग पदर तोंडात कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर आई हिरवी साडी नेसून माझ्याबरोबर चालायला लागली. "तू कुठं?" विचारलं तर चार पावलं पुढं झाली. व्हरांड्यात मुलं बसलेली होती, दोनचार आयाही उभ्या होत्या, वर्ग धुऊन घ्या म्हणून बाईंशी तावातावानं बोलत होत्या. आईला बघून त्या विहिरीवर व्हायच्या तशाच गप्प झाल्या. आई त्यांच्या मधून नीट चालत गेली आणि सातवीच्या वर्गात शिरली. मी मागून गेले आणि माझ्या बाकावर बसले. तिनं फळ्याखालची जागा बघितली, भिंती बघितल्या, गुरूचे चंद्र बघितले. मग माझ्याजवळ आली.

"अहो धुमक वहिनी," बाई दारातून म्हणाल्या, "एका बाकावर एकानंच बसायचंय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सरक गो," ती मला म्हणाली.